खातं ११-२: कळमन्यातल्या एका अडत दुकानाचा सर्व्हर आणि तीन वर्षं थांबलेले अपडेट

ऑगस्ट २०२३ मधल्या एका सकाळी मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, हा माणूस मशीनमध्ये हाये बी अन् नाही बी."

मी नागपुरातल्या लहानमोठ्या दुकानांचे आणि कार्यालयांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. कळमना बाजारातलं हे अडत दुकान तेव्हा माझ्याकडे येऊन तीन महिने झाले होते. संत्रा आणि मोसंबीचा व्यवहार, काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूडकडचे शेतकरी, आणि या सगळ्यांचा हिशेब एका मशीनवर. त्या सकाळी काटोल तालुक्यातले एक शेतकरी मोसंबी घेऊन आले होते. त्यांच्या पट्टीतून मागच्या वर्षीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, वजा झालीच नव्हती. माणूस सरळ, त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझ्याकडे तुमचे पैसे आहेत, कापले नाहीत." मुनीमजींनी लाल वही उघडली तर उचल तिथे लिहिलेली. मशीनमध्ये मात्र खाते क्रमांक ११-२ टाकला की नवंकोरं खातं उघडायचं आणि उचलीच्या रकान्यात शून्य दिसायचं. तेच नाव टाकून शोधलं तर दोन खाती समोर यायची. दोन्हींचा क्रमांक ११-२.

असं होणं शक्यच नसायला हवं होतं. खाते क्रमांकाच्या रकान्यावर एकमेवतेची अट होती. एक क्रमांक दोनदा लिहायला गेलं तर पोस्टग्रेसने, म्हणजे हिशेब साठवणाऱ्या डेटाबेसने, ते नाकारायला हवं. इथे त्याने ते निमूट लिहून घेतलं होतं. पुढचे चार दिवस मी या एका गोष्टीच्या मागे होतो. जे सापडलं त्याची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी झाली होती.

सर्व्हर २०१८ मध्ये बसवला गेला. लिनक्सचं उबुंटू १८.०४ हे वितरण, पोस्टग्रेस १०, आणि पीएचपी ७.२ या भाषेत लिहिलेला बिलिंगचा कार्यक्रम. बसवणाऱ्याने काम नीट केलं होतं, सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतील अशी सोयही चालू ठेवली होती. या सोयीचं एक वेळापत्रक असतं. उबुंटूमध्ये ती मुळात सकाळी सहाला जागी होते आणि पुढच्या तासाभरात कधीतरी काम सुरू करते, म्हणजे जगातल्या सगळ्या मशीन एकाच क्षणी डाउनलोडवर तुटून पडत नाहीत. दहाला उघडणाऱ्या कार्यालयासाठी ही वेळ उत्तम. अडत दुकानासाठी हीच वेळ सगळ्यात वाईट, कारण गाड्या लागलेल्या असतात आणि आवक नोंदवायची घाई असते.

फेब्रुवारी २०२० मध्ये पोस्टग्रेसची सुरक्षा दुरुस्ती आली. मृग बहाराची आवक जोरात होती. पॅकेज बदललं की डेटाबेस बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तसा तो झाला आणि नोंदणीचे पडदे ऐन गर्दीत अडकले. डेटाबेस काही क्षणांतच परत उभा राहिला असणार, पण बिलिंगचा कार्यक्रम तुटलेली जोडणी स्वतःहून पुन्हा जोडत नव्हता. दुकानाच्या दृष्टीने मशीन बंद पडलं. त्याच दुपारी कोणीतरी आपोआप अपडेटची सोय बंद केली. मशीन पुन्हा कधी तसं अडकलं नाही, म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा विषयही निघाला नाही.

हा निर्णय घेणाऱ्याला मी दोष देत नाही. गाड्या उभ्या आहेत, शेतकरी ओरडतोय, शेठ मागे उभे आहेत, अशा वेळी माणूस हेच करणार. चूक अपडेटची नव्हती, चुकीची होती ती वेळ. एक ओळ बदलून ती दुपारी तीनला नेता आली असती. ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

मे २०२३ मध्ये मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो. बाहेर नागपूरचा मे. आत सर्व्हरच्या थेट समोर खसच्या ताट्यांचा कूलर, ओलसर वारा मशीनच्या तोंडावर. कूलर हलवणं हे माझं तिथलं पहिलं काम. दुसरं काम, पॅकेजची यादी काढणं. फेब्रुवारी २०२० नंतर काहीही लागलेलं नव्हतं. मधल्या काळातल्या दोनच गोष्टी सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमधलं, म्हणजे दुसऱ्याच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या साधनातलं, एक भोक जाहीर झालं, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-३१५६. ते २०११ पासून कोडमध्ये होतं, आणि मशीनवर साधं लॉगिन असलेला कोणीही त्यातून थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. जानेवारी २०२२ मध्ये पोलकिटच्या पीकेएक्झेक या तसल्याच साधनात तशाच परिणामाचं दुसरं सापडलं, सीव्हीई-२०२१-४०३४, तेही २००९ पासूनचं. दोन्हींच्या दुरुस्त्या जाहीर झाल्या त्याच दिवशी उबुंटूने पाठवल्या होत्या. या मशीनवर तीन कारकुनांची लॉगिन होती, त्यातल्या दोघांनी नोकरी सोडून वर्ष झालं होतं आणि लॉगिन तशीच होती.

शेठना हे सांगितलं तर म्हणाले, "चालू हाये ना मशीन, मग कायले हात लावता?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर त्यांच्याच धंद्यातून दिलं. उचलीचा हिशेब दरवर्षी मिटवला तर एका संध्याकाळचं काम. तीन वर्षं ठेवला तर कोणाचं किती यावरच वाद. आणि इथे तर मुदतही संपत होती. उबुंटू १८.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा आधार ३१ मे २०२३ ला संपणार होता, पोस्टग्रेस १० चा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला होता, आणि पीएचपी ७.२ ला तिच्या मूळ प्रकल्पाकडून २०२० नंतर काही येत नव्हतं. शेठ म्हणाले, आंबिया बहार सुरू व्हायच्या आत करा.

जूनच्या एका शनिवारी रात्री बसलो. आधी डेटाबेसची प्रत काढली आणि ती माझ्या लॅपटॉपवर उतरवून उघडते का ते पाहिलं. मग १८.०४ वरचे साठलेले सगळे अपडेट लावले, कारण त्याशिवाय पुढच्या आवृत्तीची उडी मारताच येत नाही. रीस्टार्ट केलं. हे महत्त्वाचं आहे आणि पुष्कळ जण टाळतात. पॅकेज डिस्कवर बदलतं, पण जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे तो जुनीच लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड, मेमरीत धरून बसतो. यादीत सगळं ताजं दिसतं आणि चालत असतं जुनंच. मग उबुंटू २०.०४. एका दीर्घकालीन आवृत्तीवरून तिच्या पुढच्याच दीर्घकालीन आवृत्तीवर जाता येतं, थेट २२.०४ गाठता येत नाही.

मध्ये एकदा कॉन्फिगरेशनच्या फायलींबद्दल विचारणा होते, आपली ठेवायची की नवी घ्यायची. आपल्या ठेवल्या. शेवटी प्रश्न येतो, आता लागत नसलेली जुनी पॅकेजं काढून टाकू का? मी नाही म्हटलं, कारण त्या यादीत पोस्टग्रेस १० होतं. नवीन पोस्टग्रेस १२ शेजारी येऊन बसलं होतं, पण डेटा अजून दहामध्ये होता. डेटा बाराकडे नेण्याचं काम पुढच्या रविवारी करू असं ठरवलं. पहाटेपर्यंत सगळं चालू झालं, बिलं निघाली, वजनकाटा बोलू लागला. पुढच्या रविवारी दुसऱ्याच एका ठिकाणी मशीन पडलं. मग पाऊस लागला. ते काम राहून गेलं.

हे राहून गेलेलं काम म्हणजेच खातं ११-२.

ऑगस्टात मुनीमजींच्या त्या एका वाक्यात खरं तर पूर्ण निदान होतं. नावाने सापडतो, क्रमांकाने नाही. नावाचा तुकडा टाकून शोधलं की पोस्टग्रेस अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं. क्रमांक टाकला की ते इंडेक्स, म्हणजे क्रमाने लावलेली सूची, वापरतं. म्हणजे ओळ जागेवर आहे, तिच्याकडे नेणारी वाट मोडली आहे. खात्री करायला मी इंडेक्स वापरण्याचे सगळे प्रकार त्या सत्रापुरते बंद केले आणि तोच क्रमांक पुन्हा शोधला. दोन्ही ओळी समोर आल्या. मग पोस्टग्रेस १० सोबतच येणारं अ‍ॅमचेक हे तपासणीचं साधन लावलं. त्याने स्वच्छ सांगितलं की या इंडेक्समधल्या नोंदींचा क्रम बिघडलेला आहे.

पण डिस्क ठणठणीत, मेमरी ठणठणीत. क्रम बिघडवला कोणी?

कोणीच नाही. क्रम तसाच होता. क्रम म्हणजे काय, याची व्याख्या बदलली होती.

मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. या डेटाबेसच्या मांडणीत तो जीलिबसीला विचारतो, म्हणजे ज्या मूळ लायब्ररीवर लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उभा असतो तिला. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे क्रमाचे नियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. आम्ही त्या शनिवारी रात्री नेमकी ही रेघ ओलांडली होती.

आमच्या खाते क्रमांकात गावाचा आकडा, मग आडवी रेघ, मग शेतकऱ्याचा आकडा. जुना नियम सुरुवातीला ती रेघ विचारातच घेत नसे. ११-२ म्हणजे ११२ आणि १-१५ म्हणजे ११५ असं धरून तो ११-२ ला आधी ठेवी. नवा नियम रेघ मोजतो आणि तिला सगळ्या अंकांच्या आधी बसवतो. १-१५ मधलं दुसरं अक्षर रेघ, ११-२ मधलं दुसरं अक्षर १. म्हणून आता १-१५ आधी, ११-२ नंतर.

समजा, जुन्या मुनीमाने एका विशिष्ट वर्णक्रमाने खतावणी लावली आणि कडेला खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नवा मुनीम दुसऱ्या वर्णक्रमाने शिकलेला. चिठ्ठी पाहतो, आपल्या हिशेबाने डावीकडे वळतो, पान सापडत नाही, म्हणतो खातं नाही. खातं उजवीकडे आहे. मग तो प्रामाणिकपणे नवं पान उघडतो. एकमेवतेची अट याच इंडेक्सवर तपासली जाते, त्यामुळे पोस्टग्रेसलाही ते दुसरं पान दिसलं नाही. आणि ज्या क्रमांकांची चिठ्ठ्यांच्या तुलनेत जागा बदलली नाही ते सगळे नेहमीसारखे सापडत होते. शंभरातली पाच-सहा खातीच चुकत असतील तर कारकुनाला वाटणार, आपणच आकडा चुकीचा टाकला.

पोस्टग्रेसने इशारा का दिला नाही? डेटाबेस कोणत्या नियमावलीवर उभारला होता, त्या मूळ क्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवायची आणि बदलली तर सांगायचं, हे पोस्टग्रेस १५ पासून सुरू झालं. आमचं दहा होतं. बदल मात्र गुपित नव्हता. पोस्टग्रेसच्या लोकांनी त्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे, यादी देऊन, तपासण्याची युक्ती देऊन. मी डेटाबेसच्या आवृत्तीच्या टिपा वाचल्या होत्या, उबुंटूच्या वाचल्या होत्या. दोघांच्या मध्ये बसलेल्या लायब्ररीकडे पाहिलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. पुढच्याच रविवारी ते राहिलेलं काम केलं असतं तर हे घडलंच नसतं. पोस्टग्रेसचा क्लस्टर, म्हणजे त्याच्याकडचा सगळा डेटासंच, नव्या आवृत्तीत नेण्याची उबुंटूमधली नेहमीची पद्धत सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरते, आणि भरताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधते, नव्या नियमाने. आठ आठवडे मी एका अर्धवट अपग्रेडवर दुकान चालू ठेवलं होतं आणि मनात ते 'झालेलं' होतं.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी गेल्या. नोंदणी बंद करून आधी डेटाची जशीच्या तशी प्रत घेतली, बिघडलेल्या इंडेक्ससकट. इंडेक्स नव्याने बांधायची आज्ञा लगेच देऊन उपयोग नव्हता, कारण एकमेव असायला हवेत ते क्रमांक दुहेरी झाले होते आणि ती आज्ञा तिथेच थांबली असती. इंडेक्स न वापरता दुहेरी खात्यांची यादी काढली. सदतीस निघाली. माझ्या हातात ती एका आज्ञेने जोडायची ताकद होती, पण कुठली नोंद खरी हे मशीनला माहीत नव्हतं. मुनीमजींनी वही घेतली, मी पडद्यावर बसलो, आणि एकेक खातं जुळवत गेलो. जुन्या खात्यातली उचल, नव्या खात्यातली मोसंबीची पट्टी, हमाली, तोलाई. तीन शेतकऱ्यांना फोन करून विचारावं लागलं. मग सगळे इंडेक्स नव्याने बांधले, प्रत्येकावर अ‍ॅमचेक चालवलं, आणि त्याच रात्री डेटा पोस्टग्रेस १२ मध्ये नेऊन दहा काढून टाकलं. खाते क्रमांकाच्या रकान्याला साधा बाइटचा क्रम लावला, जो कोणत्याही भाषेच्या नियमावर अवलंबून नाही आणि म्हणून बदलत नाही. नावांच्या रकान्याला तसं करता येत नाही, यादी मराठी वर्णक्रमानेच हवी. तिथले इंडेक्स यापुढे प्रत्येक मोठ्या उडीनंतर बांधायचे.

आणखी एक चूक याच वेळी उघडी पडली. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघत होती आणि ती 'यशस्वी' होती. प्रत काढताना पोस्टग्रेस टेबल सरळ वाचतो, इंडेक्सची गरज नसते, म्हणून दोन्ही ११-२ त्यात निमूट जात होते. ती प्रत कुठेतरी उतरवून पाहिली असती तर एकमेवतेची अट बांधताना तिथेच अडली असती, पहिल्याच आठवड्यात. आता महिन्यातून एकदा कालची प्रत एका जुन्या लॅपटॉपवर पूर्ण उतरवली जाते. ही तपासणी प्रतीपेक्षा डेटाबद्दलच अधिक सांगते.

आपोआप अपडेट पुन्हा चालू आहेत. फक्त सुरक्षेचे, दुपारी तीनला, कारण तेव्हा बाजार शांत असतो आणि काही अडलं तर फोन उचलायला दुकानात माणूस असतो. पोस्टग्रेस त्या यादीतून वगळलं आहे. त्याच्या नियमित दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात, त्यानंतरच्या रविवारी मी हाताने लावतो. यातले फेब्रुवारी आणि नोव्हेंबर दोन्ही बहारांत पडतात, म्हणून रविवार चुकवायचा नाही. बिलिंगचा कार्यक्रम तुटलेली जोडणी पुन्हा जोडेल अशी वीसेक ओळींची दुरुस्तीही केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेवढी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शेठच्या मुलाला मध्ये एक शंका आली होती, ती अनेकांना येते. सुडोची आवृत्ती पाहून तो म्हणाला, "ही तर जुनीच आहे, बाहेर कितीतरी पुढची आली." उबुंटू आणि डेबियनसारखी वितरणं एकदा आवृत्ती गोठवली की दुरुस्तीचा तेवढा भाग मागे आणून तिच्यात शिवतात. मुख्य आकडा तोच राहतो, शेपटीतला आकडा वाढतो. शेपटी वाचायची.

वजनकाट्याचा प्रोग्राम मात्र कुठल्याच यादीत नव्हता. तो हाताने संकलित करून ठेवलेला, पॅकेज व्यवस्थेला त्याचा पत्ताच नाही. त्याला रीडलाइन या लायब्ररीची सातवी आवृत्ती लागत होती आणि २०.०४ मध्ये आठवी आहे. मी जुनी पॅकेजं काढायला नाही म्हटलं म्हणूनच तो तगला होता, योगायोगाने. मूळ कोड पहिल्या तंत्रज्ञाच्या लॉगिनमध्ये सापडला. नव्या लायब्ररीवर बांधून त्याचं पॅकेज केलं, आता तो यादीत दिसतो.

मे २०२४ मध्ये २२.०४ कडे गेलो, पुन्हा आवक नसताना. या वेळी रविवारी दुपारी मुनीमजी वही घेऊन आले आणि दुकान उघडायच्या आधी एकेक क्रमांक वाचून दाखवू लागले, ११-२ पासून. खाती सगळी सापडली. मग त्यांनी एक खोटी पट्टी करून पाहिली आणि हमालीचा रकाना रिकामा ठेवला, जसा ते नेहमी ठेवतात. रक्कम चुकली. पीएचपी ८ पासून रिकामा मजकूर आणि शून्य हे सारखे धरले जात नाहीत, आणि बिलिंगमध्ये एका ठिकाणी तीच तुलना होती. कोडमध्ये तसल्या तुलना शोधल्या, चार निघाल्या. संध्याकाळी सातपर्यंत बदलून झाल्या, आणि मुनीमजींनी रिकाम्या हमालीची पट्टी पुन्हा काढली.